मोडलेली फळी बंबात घालू नका



बेरिंगची गाडी तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लहानाचा मोठा झालेल्या माझ्या वयाच्या कोणत्याही माणसाला हा प्रश्न विचारा, त्याचा चेहरा खुललाच म्हणून समजा. एक फळी घ्यायची. तिच्या मागच्या टोकाखाली आडवा लाकडी आस ठोकायचा. आसाच्या दोन्ही टोकांना एकेक जुने बॉल-बेरिंग घट्ट बसवायचे. पुढच्या टोकाला बोल्टवर फिरणारी आडवी पट्टी, तिच्याखाली तिसरे बेरिंग, आणि वळवायला पट्टीच्या दोन्ही टोकांना बांधलेली दोरी. झाली गाडी! पेट्रोल नको, पायटे नकोत. उतार मिळाला की बसायचे आणि सुटायचे. डांबरी रस्त्यावर तिचा खडखडाट असा चाले की, दुपारची झोप मोडलेल्या आजीबाई काठी घेऊन बाहेर येत.

बेरिंगे भंगारवाल्याकडे किंवा गॅरेजच्या मागे मिळत. फळी बहुधा पॅकिंगच्या देवदारी खोक्याची असे. कारखान्यांच्या गावात या दोन्ही वस्तूंना तोटा नव्हता.

१९७४ साली मी आठवीत होतो. आम्ही तिघा मित्रांनी मिळून अशी एक गाडी केली. पाय टेकायला काहीतरी हवे, म्हणून फळीच्या साधारण मध्यावर खालच्या बाजूने करवतीने पाव इंच खोल खाच पाडली आणि त्या खाचेत एक आडवी पट्टी बसवून खिळे मारले. काम फार सुबक झाले होते. चिंचवड गावातून पवनेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी सुटली, आणि दुसऱ्याच दिवशी फळीचे दोन तुकडे झाले. कुणाला फारसे लागले नाही. आम्ही एकमताने निर्णय दिला, ‘देवदाराचे लाकूडच कुचकामी!’ बेरिंगे आणि बोल्ट काढून घेतले आणि तुकडे घरी नेऊन न्हाणीघरातल्या बंबात घातले. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीला तेवढेच जळण.

मग एका मोडक्या पलंगाची सागवानी फळी मिळाली. तीही इंचभर जाडच होती. सगळी गाडी पुन्हा तशीच बांधली. खाचही तिथेच आणि तेवढीच पाडली. ही गाडी तीन आठवडे उत्तम चालली. आमचा तिच्यावरचा विश्वास वाढला आणि विश्वासाबरोबर वेगही वाढला. एका रविवारी माझा मित्र तिच्यावर बसून उताराच्या तळाशी आला, एका खड्ड्यात मागची बेरिंगे आदळली आणि फळी मधोमध मोडली. मित्र रस्त्यावर कोपरावर पडला. हाड मोडले. प्लॅस्टर निघाले तरी तो हात पूर्ण सरळ झाला नाही. आजही होत नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एका कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांनी आम्हाला मारले नाही. संध्याकाळी त्यांनी फळीचे दोन्ही तुकडे ओटीवर आणले, जोडून ठेवले आणि भेगेवरून अंगठ्याचे नख फिरवले. मग विचारले, “पहिली फळी कुठं मोडली होती?”

मी म्हणालो, मध्यावर. दुसरा मित्र म्हणाला, गाठीपाशी. नक्की कुणालाच आठवेना.

“त्या फळीचे तुकडे कुठायत?”

“बंबात घातले.”

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पहिली गाडी उगाचच मोडली म्हणायची.”

हे वाक्य मी पन्नास वर्षे विसरलेलो नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

*फळी का मोडली?*

आधी विज्ञान पाहू. कंपासपेटीतले जाडसर खोडरबर घ्या. त्याच्या एका कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा मारा. आता दोन्ही टोके वर आणि मध्य खाली येईल असे ते वाकवा. खालच्या बाजूला रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतील, वरच्या बाजूला जवळ आलेल्या दिसतील. म्हणजे वाकणाऱ्या वस्तूची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या थरात ताणही जवळजवळ नसतो आणि दाबही नसतो.

आमच्या गाडीचे असेच होते. फळी पुढे आणि मागे चाकांवर टेकलेली, मध्ये बसणाऱ्याचे वजन. म्हणजे खालच्या बाजूचे लाकडाचे तंतू सगळ्यांत जास्त ताणलेले, आणि तेही नेमके मध्याच्या आसपास. आणि आम्ही करवत कुठे चालवली? खालच्या बाजूला, मध्यावर! जे तंतू सगळ्यांत जास्त भार वाहत होते, तेच आम्ही आपल्या हाताने कापले होते.

किती नुकसान झाले त्याचा हिशोब अवघड नाही. फळीची वाकण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी एक इंचावरून पाऊण इंचावर आली, तर ताकद पाऊण पट होत नाही, ०.७५ × ०.७५ = ०.५६, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. आणि हिशोब इथे संपत नाही. खाचेचा कोपरा करवतीने कापलेला, टोकदार. ताण हा पाण्याच्या प्रवाहासारखा मानला, तर प्रवाहात खडक आला की पाणी जसे त्याच्या कडेला दाटीने वाहते, तसा ताण टोकदार कोपऱ्यापाशी एकवटतो. १९१३ साली इंग्लिस नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने हे गणिताने दाखवून दिले. भोक किंवा खाच जितकी टोकदार, तितका तिच्या टोकाशी ताण जास्त. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात, याचे उत्तर इथेच आहे.

तुम्ही म्हणाल, खाचेत पट्टी बसवली होती ना? मग खाच भरूनच निघाली! इथेच गंमत आहे. खाच वरच्या बाजूला असती आणि तीत पट्टी घट्ट बसली असती, तर खाचेच्या दोन भिंती पट्टीवर दाबल्या जाऊन बराचसा दाब पट्टीमार्फत पलीकडे गेला असता. पण खालच्या बाजूला भिंती एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. तिथे पट्टी काय करणार? ती नुसती बसून राहते. भर घालून दाब पेलता येतो, ताण पेलता येत नाही. म्हणजे तीच खाच, तीच पट्टी; फक्त फळी उलटी धरली असती, तरी मोठा फरक पडला असता.

मग सागवानी फळी तीन आठवडे का टिकली? कारण लाकूड चांगले होते. एका धक्क्यात मोडावी इतकी ती कमकुवत नव्हती. पण प्रत्येक खड्ड्यागणिक खाचेच्या कोपऱ्यातली भेग केसभर पुढे सरकत होती. असा वारंवार येणारा ताण पदार्थाला थकवतो. एका वेळी सहज पेलेल असा भार हजारो वेळा दिला तर वस्तू मोडू शकते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस असेच काही पूर्वसूचना न देता मोडत. ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने १८५० ते १८७० च्या काळात आसांवर पुनःपुन्हा भार देऊन हे कोडे उलगडले. तेव्हापासून ‘धातूचा थकवा’ हा अभियांत्रिकीतला एक मोठा विषय झाला आहे.

तेव्हा लक्षात घ्या, दुसरी गाडी तीन आठवडे टिकली म्हणून ती पहिलीपेक्षा शहाणपणाने केलेली होती असे नव्हे. चूक तीच होती. लाकूड बरे म्हणून ती उघडी पडायला वेळ लागला, आणि मधल्या काळात आमचा वेग वाढला. दडून राहिलेली चूक उघड्या चुकीपेक्षा जास्त दुखापत करते, ती अशी.

*बर्फातल्या फळ्या*

फळीवरून घसरण्याची हौस काही आपल्याच मुलांना आहे असे नाही. जिथे हिवाळाभर बर्फ असतो, तिथे माणूस हजारो वर्षे लांब फळ्या पायांना बांधून घसरत आला आहे. या फळ्यांना स्की म्हणतात. आपल्याकडे काश्मीरात गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला आज स्कीचा खेळ चालतो. पण मुळात स्की हा खेळ नव्हता. शिकारीचे आणि प्रवासाचे साधन होते, आणि ते घरीच केले जाई. चीनच्या वायव्येला अल्ताई पर्वतात आजही काही लोक स्प्रूस झाडाचे लाकूड तासून स्की करतात आणि तळाला घोड्याचे कातडे लावतात. कातड्यावरचे केस मागच्या दिशेला वळलेले असतात. पुढे घसरताना ते आडवे पडतात, चढ चढताना उभे राहून बर्फाला धरतात. कुठलेही यंत्र न वापरता घर्षण हवे तेव्हा कमी आणि हवे तेव्हा जास्त!

आता विचार करा. स्कीच्या मध्यावर माणसाचा पाय. बर्फ काही सपाट नसतो. पायाखाली खळगा आला की स्की दोन टोकांवर टेकते आणि मध्ये वाकते. आमच्या गाडीची फळी आणि स्की यांचा प्रश्न अगदी एकच झाला की नाही? म्हणूनच स्की मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ करतात. पण पाय बांधायला वादी हवी, वादी ओवायला भोक हवे, आणि भोक नेमके मध्यावर, जिथे स्की सगळ्यांत जास्त वाकते तिथेच हवे. आमच्या खाचेची अडचण इथेही आलीच.

यावर जुन्या कारागिरांनी काय तोड काढली, ते नॉर्वेमधल्या एका शोधातून दिसते. तिथल्या डिगरवार्डन नावाच्या डोंगरावर २०१४ साली वितळत्या बर्फातून एक लाकडी स्की बाहेर आली. पुरातत्त्वज्ञांनी सात वर्षे वाट पाहिली. २०२१ साली तिच्यापासून अवघ्या काही मीटरांवर दुसरी सापडली. जोडी जवळजवळ १,३०० वर्षे जुनी आहे. भूर्जाच्या जातीच्या झाडाच्या डहाळ्या पिळून केलेली बंधने आणि चामड्याची वादीसुद्धा टिकून आहे. या स्कींमध्ये पाय ठेवायची जागा बाकीच्या फळीपेक्षा उंच ठेवलेली आहे आणि बंधनाचे भोक त्या उंचवट्यातून काढलेले आहे. ताणल्या जाणाऱ्या तळाला हात लावलेला नाही. पाठ्यपुस्तक न वाचता त्या कारागिराला ही जागा कशी कळली असेल? माझी खात्री आहे की, त्याच्या किंवा त्याच्या आजोबा-पणजोबांच्या मोडलेल्या स्कींनीच ती दाखवली असणार.

पण मला त्या शोधातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. या दोन्ही स्की भरपूर वापरलेल्या आणि दुरुस्त केलेल्या आहेत, आणि त्या एकमेकींसारख्या तंतोतंत नाहीत. शोधकांचे म्हणणे असे की, प्रत्येकीचा झिजण्याचा आणि दुरुस्तीचा इतिहास वेगळा आहे. त्या जोडीने वापरल्या जाण्याआधी स्वतंत्रपणेही वापरल्या गेल्या असाव्यात. त्या नव्या कोऱ्या असत्या, तर आपल्याला इतकेच कळले असते की त्या काळी स्की होत्या. त्यांच्या झिजेमुळे आणि दुरुस्तीमुळे आपल्याला त्या वापरणारा माणूस दिसतो. मोडले की दुरुस्त करून पुन्हा डोंगरावर जाणारा माणूस!

*मोडतोडीतून जन्मलेले बेरिंग*

आता गाडीच्या फळीकडून तिच्या चाकांकडे येऊ. नॉर्वेच्या शेजारी स्वीडन आहे. तिथल्या गोटेनबर्ग शहरातल्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता यंत्रांच्या देखभालीवर होता. गिरणीची इमारत चिकणमातीच्या जमिनीवर उभी. जमीन हलली की लांबलचक फिरत्या दांड्यांची रेषा बिघडे आणि बेरिंगे वरचेवर निकामी होत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ‘बेरिंगेच कुचकामी, दुसरी मागवा!’ आम्ही देवदाराबद्दल म्हणालो होतो, अगदी तसेच. विंगक्विस्टने प्रश्न वेगळा विचारला. बेरिंग नेमके कशामुळे निकामी होते? दांडा तिरपा झाल्यामुळे. मग दांडा तिरपा झाला तरी आपोआप जुळवून घेणारे बेरिंग करता येईल का? गोळ्यांच्या दोन ओळी असलेले आणि आतली बाजू थोडी कलू शकेल असे बेरिंग त्याने १९०७ साली तयार केले. त्याच वर्षी एस. के. एफ. ही कंपनी स्थापन झाली. पुढे याच कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला १९६० च्या दशकात उभा राहिला. म्हणजे आपल्या गावाच्या एका मोठ्या उद्योगाचे मूळ शोधू गेले, तर ते एका गिरणीतल्या मोडक्या बेरिंगांच्या ढिगाऱ्यापाशी सापडते!

बेरिंग किती टिकेल हे सांगण्याची रीतही मोठी प्रामाणिक आहे. एकाच कारखान्यातली, एकाच दिवशी केलेली, अगदी सारखी दिसणारी शंभर बेरिंगे एकाच भाराखाली फिरवली, तरी ती एकाच वेळी खराब होत नाहीत. कुणी लवकर जाते, कुणी कितीतरी जास्त चालते. म्हणून ‘हे बेरिंग इतके फेरे चालेल’ असे अभियंते म्हणत नाहीत. शंभरांपैकी नव्वद बेरिंगे जितके फेरे पार करतात, तितके त्याचे आयुष्य धरतात. आणि बॉल-बेरिंगावरचा भार निम्मा केला, तर हे आयुष्य दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. हे नियम कुणाला स्वप्नात दिसले नाहीत. असंख्य बेरिंगे मुद्दाम खराब होईपर्यंत फिरवून, प्रत्येकाची नोंद ठेवून ते मिळाले आहेत.

आपल्या आसपास पाहा. पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे एक केंद्र चाकणलाही आहे. वाहनांचे भाग पुनःपुन्हा ताण देऊन किती टिकतात हे पाहणे हा अशा संस्थेच्या कामाचा एक भागच असतो. मोटार रस्त्यावर येण्याआधी तिच्यासारख्या मोटारी प्रयोगशाळेत भिंतीवर आदळवतात. ज्या वस्तूंवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्या आधी मुद्दाम मोडून पाहायच्या आणि मोडलेले तुकडे जपून तपासायचे, हा आपल्या औद्योगिक पट्ट्याचा रोजचा धर्म आहे.

*आणि आपल्या शाळा?*

इथे मला माझे खरे म्हणणे मांडायचे आहे. कारखान्याच्या कुंपणाच्या आत मोडलेल्या वस्तूला मान आहे. कुंपणाबाहेर, शाळेत, तिला जागा नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना मी वर्षानुवर्षे जातो. टेबलांवर काय मांडलेले असते? कालच रंगवलेल्या, चकचकीत, बहुधा एकदाच चालवलेल्या प्रतिकृती. पुष्कळदा तयार संच विकत आणून जोडलेल्या. परीक्षक येतात, बटण दाबतात, दिवा लागला की गुण देतात. दिवा लागला नाही तर विद्यार्थी रडवेला होतो आणि वस्तू टेबलाखाली जाते. तो दिवा का लागला नाही, हा त्या दालनातला खरोखरचा वैज्ञानिक प्रश्न असतो, आणि तोच कुणी विचारत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात एक टेबल मोडलेल्या वस्तूंचे असावे. त्यावर विद्यार्थ्याने स्वतः केलेली, निदान तीन महिने वापरलेली आणि एकदा तरी मोडून दुरुस्त केलेली वस्तू मांडावी. शेजारी मोडलेला मूळ तुकडा आणि एक वही. या वहीला मी ‘मोडवही’ म्हणतो. तीत पाच गोष्टी असाव्यात. वस्तू कधी केली, कधी मोडली, नेमकी कुठे मोडली त्याची आकृती, त्या वेळी तिच्यावर काय भार होता, आणि दुरुस्ती करताना काय बदलले. गुण द्यायचे ते या वहीला द्यावेत, चकाकीला नव्हे.

आता या सूचनेवर काय आक्षेप येतील ते मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप पालकांचा: “मुलांना लागेल!” हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही; माझ्या मित्राचा हात मी रोज आठवतो. आजच्या रस्त्यांवर बेरिंगची गाडी चालवा असे मी मुळीच सांगणार नाही. ती रहदारी आता राहिलेली नाही. पण त्याचा अर्थ घरी काही करूच नये असा होत नाही. माणूस बसण्याआधी त्या जागी त्याच्या दुप्पट वजनाचे वाळूचे पोते बसवावे, आणि शाळेच्या मैदानात, शिक्षकांसमोर ते चालवून पाहावे. मोडायचेच असेल तर वाळूखाली मोडू दे. आम्ही हे एकदा जरी केले असते!

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: “अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही.” पण शिक्षकबंधुभगिनींनो, बल, ताण, घर्षण, पदार्थांचे गुणधर्म हे अभ्यासक्रमातलेच आहे. मोडलेली पट्टी हातात घेऊन शिकवलेला पाऊण तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप मुलांचा: “आता घरी कोण काय करतो? सगळे विकतच मिळते.” हे थोडे खरे आहे. पण दिवाळीचा किल्ला आणि आकाशकंदील तुम्ही करताच. पतंगाची कामटी मोडते, बॅटची मूठ सुटते, दप्तराचा पट्टा नेहमी एकाच जागी उसवतो. पट्टा दोन वर्षे सलग एकाच जागी उसवला, तर तो दप्तराचा स्वभाव नव्हे. तिथे काहीतरी कारण आहे. मोडवही दप्तरापासूनही सुरू होऊ शकते.

*एक प्रयोग*

नुसते बोलून उपयोग नाही. हा प्रयोग करून पाहा. आइस्क्रीमच्या सारख्या आकाराच्या तीस लाकडी काड्या घ्या आणि त्यांचे दहा-दहाचे तीन गट करा. पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या प्रत्येक काडीच्या एकाच बाजूला, बरोबर मध्यावर, काडीच्या साधारण पाव जाडीइतकी आडवी चीर धारदार सुरीने पाडा. हे काम मोठ्यांच्या मदतीने करा. सारख्या उंचीच्या दोन स्टुलांच्या कडांमध्ये आठ सेंटिमीटर अंतर ठेवून काडी आडवी टेकवा. मध्यावर सुतळीने एक लहान बादली टांगा आणि तीत हळूहळू पाणी ओता. काडी मोडली की बादली वजन करून आकडा वहीत लिहा. दुसऱ्या गटाची चीर वरच्या बाजूला ठेवा, तिसऱ्याची खालच्या बाजूला. बादली जमिनीपासून बोटभरच उंच असू द्या आणि डोळे काडीपासून दूर ठेवा.

तीन गटांच्या सरासऱ्या काढा. चीर वर असलेल्या काड्या अखंड काड्यांच्या किती जवळ येतात आणि चीर खाली असलेल्या किती मागे राहतात, ते मी सांगत नाही. तुमची वहीच सांगेल. आणखी एक पाहा. अखंड अशा दहा सारख्या काड्यांचे दहा आकडेसुद्धा सारखे येणार नाहीत. घाबरू नका, चूक तुमची नाही. बेरिंगांच्या बाबतीत शंभरांपैकी नव्वदांचा हिशोब का करावा लागतो, ते तुम्हाला त्या क्षणी कळेल. मोडलेल्या काड्या मात्र फेकू नका. गटागटाने रबराच्या वेटोळ्यात बांधून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्या लागतील.

आता शेवटचे. पहिल्या फळीचे तुकडे आम्ही जपून ठेवले असते, तर माझ्या मित्राचा हात वाचला असता का? हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित आम्ही ते पाहूनही काही शिकलो नसतो. कदाचित अण्णांना ते दाखवायचे राहून गेले असते. पण ते तुकडे ओटीवर पडलेले असते, तर दुसरी फळी कापताना निदान एकदा तरी कुणाची नजर त्यांच्यावर गेली असती, आणि खाचेपासून निघालेली भेग तिथे स्पष्ट दिसत होती. आम्ही ती संधीच जाळून टाकली. एका बंब पाण्यापुरती!

तेव्हा मित्रहो, तुम्ही केलेली वस्तू मोडली तर वाईट वाटू द्या, ते साहजिक आहे. पण लगेच झाडू आणू नका. तुकडे गोळा करा, जोडून ठेवा, भेगेवरून नख फिरवा, आणि वहीत तारीख घाला. बंबाला जळण दुसरेही मिळेल.

तो माझा मित्र पुढे एका कारखान्यात हत्यारे बनवण्याच्या विभागात होता आणि तिथूनच निवृत्त झाला. सागवानी फळीचे ते दोन तुकडे त्याने माझ्याकडून मागून नेले होते. परवा त्याच्याकडे गेलो, तर ते अजून त्याच्या माळ्यावर आहेत. नातवाला दाखवायला त्याने खाली काढले होते.